मोठ्या सुट्टीनंतरची हजेरी

आमच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी दिवसातून दोनदा हजेरी घेत. एकदा सकाळी प्रार्थना झाल्यावर आणि दुसऱ्यांदा मोठी सुट्टी संपल्यावर. सकाळी वर्ग भरलेला असे. दुपारी मात्र गुरुजी नाव घेत आणि कुणी 'हजर' म्हणत नसे. मग पुढचे नाव, मग त्याच्याही पुढचे. ही १९८० नंतरच्या दशकातली, उत्तर नागपुरातली गोष्ट आहे. ज्यांच्याजवळ डबा असे ती मुले कडुनिंबाखाली बसून खात. ज्यांच्याजवळ नसे ती 'घरी जेवून येतो' असे सांगून निघत. घरी तरी काय असणार? वडील गिरणीत बदली कामगार आणि माय ओट्यावर विड्या वळत बसलेली. सकाळची भाकर सकाळीच संपलेली असे.

माझी धाकटी बहीण अशीच शाळेतून गळाली. तिला कोणी मारले नाही की शाळेतून काढले नाही. दुपारी ती घरी यायची. माय म्हणायची, "आलीच आहेस तं जराशी पानं कापून दे, मंग जाय." पाने कापून होईपर्यंत शाळा सुटायची वेळ व्हायची. आधी आठवड्यातून दोन दुपारी बुडाल्या, मग चार बुडाल्या. दुपारी गणित असायचे, ते गेले. गणित येईना म्हणून सकाळीही जायची लाज वाटू लागली. तिसरीत एकदा नापास झाली आणि त्यानंतर तिने दप्तर खुंटीला लावले ते लावलेच. शाळेच्या दाखल्यावर नाव कमी केल्याची एक तारीख लिहिलेली आहे. ती खरी नाही असे मला आजही वाटते. तिची शाळा त्याआधी कितीतरी दुपारी थोडी थोडी सुटत गेली होती. यात मी मायला दोष देत नाही. हजार विड्यांच्या हिशेबावर घर चालत होते आणि पान कापायला एक हात जास्त मिळाला तर तो कुणाला नको असतो?

वाचक हो, ही एका घराची गोष्ट असती तर इथे लिहिली नसती. परमपूज्य बाबासाहेब १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात नुकतेच सभासद झाले होते. त्या वर्षीच्या १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जाऊन मिळतात. शाळेत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, प्राथमिक शिक्षण त्यासाठीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस, दिवसभर आवक-जावक लिहितो. मला या हिशेबाचे मोठे नवल वाटते. शाळेत नाव किती जणांनी घातले यावर सरकार खूश होते आणि बाबासाहेब विचारत होते की बाहेर पडताना किती उरले. आवक सगळेच मोजतात, त्यांनी गळती मोजली.

ही गळती पोटापाशी सुरू होते हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले कळत होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेने प्रत्येक प्रांतात आपल्या मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृह काढावे, असा ठराव केला. शाळा असून भागत नाही, मुलीच्या राहण्या-जेवण्याची सोय असली तरच ती टिकते, हे त्यात आलेच.

मुलांना शाळेतच जेवू घालण्याची कल्पना मद्रासकडे त्याहून जुनी आहे. १९२० च्या सुमारास मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत दुपारचे खाणे सुरू केले. तेव्हा तिथे ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचा कारभार होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९५६ साली कामराजांनी ही योजना राज्यभर नेली आणि १९८२ साली एम.जी. रामचंद्रन यांनी ती आणखी वाढवली. आपल्या महाराष्ट्राला, एवढ्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याला, शिजवलेले अन्न मुलांच्या ताटात वाढायला २१ वे शतक उजाडावे लागले.

मधल्या काळातला तीन किलो तांदूळ अनेकांना आठवत असेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलाला तीन किलो धान्य मिळायचे आणि आपल्याकडे ते तांदळाच्या रूपाने यायचे. त्या दिवशी शाळेच्या दारात पिशव्या घेऊन मायबहिणींची रांग लागे.

आता कागदावरचा हिशेब पाहा. महिन्याला तीन किलो म्हणजे दहा महिन्यांचा ३० किलो तांदूळ झाला. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरतात, म्हणजे २०० दिवसांचे २० किलो. आकडा पाहून कुणीही म्हणेल की आधीचाच सौदा बरा होता. परंतु तीन किलो तांदूळ घरी आला की तो घराचा होतो. सहा-सात माणसांच्या गंजात तो दोन-तीन दिवसांत संपतो, कधी त्यातला अर्धा विकून तेल-मीठ आणावे लागते. ज्या मुलाच्या नावावर तो मिळाला त्याच्या वाट्याला त्यातली किती शिते येत असतील? आणि मुलगी असेल तर? घरात आधी बाप जेवतो, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी माय. आपल्या घरांत हे होत नाही असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? शिवाय कोरडा तांदूळ हजेरीपटावर मिळत होता, तेव्हा हजेरीपट भरण्याकडे सगळ्यांचे लक्ष. मूल दुपारी वर्गात आहे की नाही याच्याशी त्या पिशवीचा काही संबंध नव्हता.

ताटातल्या अन्नाचे तसे नाही. ते खायला मूल स्वतःच यावे लागते, ते दुसऱ्याला देता येत नाही आणि ते दुपारी मिळते. माझ्या मते या योजनेचे सगळे मर्म या वेळेत आहे.

हे घडले कोर्टामुळे. भुकेच्या प्रश्नावर पीयूसीएल या संघटनेने २००१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेले जेवण द्यावे, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत. कोरड्या धान्याच्या पिशव्या बंद करा, असाच त्याचा अर्थ होता. त्यानंतर आपल्याकडे शाळेच्या आवारात चुली पेटल्या आणि 'खिचडी' हा शब्द प्रत्येक घरात गेला. आज पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे माप आहे. लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, तर मोठ्यांना याच्या दीडपट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क ठरले. २०२१ साली योजनेचे नाव बदलून पीएम पोषण झाले. मुले अजून खिचडीच म्हणतात.

मग याने मुले टिकली का? अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी छत्तीसगड, राजस्थान आणि कर्नाटक या तीन राज्यांतल्या शाळा पाहिल्या आणि २००३ साली निष्कर्ष मांडले. शिजवलेले जेवण सुरू झाल्यावर पहिलीतली नावनोंदणी सुमारे १५ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलींची वाढ त्याहूनही जास्त होती. फर्झाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात नावनोंदणी सोडून हजेरी मोजली, तेव्हा पहिलीतल्या मुलींची हजेरी ठळकपणे वाढलेली दिसली. पुढे २०१९ साली तनिका चक्रवर्ती आणि रजी जयरामन यांनी वेगळाच प्रश्न विचारला. जेवणारे मूल शिकते का? प्राथमिकची पाच वर्षे ज्यांना जेवण मिळाले, त्यांचे वाचनाच्या चाचणीतले गुण वर्षभराहून कमी काळ जेवण मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाले. गणितात फरक कमी होता, पण होता. याचाच अर्थ असा की एक-दोन महिन्यांच्या खिचडीने चमत्कार होत नाही. वर्षानुवर्षे, रोज आणि न चुकता मिळाली तर ती मुलाच्या डोक्यापर्यंत पोचते. २०२१ साली आणखी एक अभ्यास छापून आला. ज्या मुली शाळेत जेवल्या त्या पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांची मुले उंचीने कमी खुरटलेली आढळली. माझ्या बहिणीच्या वयाच्या बायकांना हे मिळाले नाही, त्याची भरपाई कुठून होणार?

जेवणाने शिक्षक शिकवू लागतो असे मात्र कोणी समजू नये. गुरुजी वर्गात नसतील, किंवा एकच बाई चार वर्ग सांभाळत असतील, तर पोट भरलेले मूलही कंटाळून घरी जाईल. जेवण मुलाला दुपारी वर्गात परत आणून बसवते. पुढचे काम शाळेचे.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. ताट कुठे मांडले आणि ते कोणाच्या हातचे, यावरही मूल शाळेत टिकणे न टिकणे अवलंबून असते. नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. डोक्यावर ओझी वाहून शिकलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. याच जाईबाईंना १९३७ साली नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी सवर्ण बायकांनी वेगळे, दूर बसवले. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणाऱ्या बाईची ही पंगत! आपल्या बायकांनी सभा घेऊन निषेध केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे ही आठवण शिल्लक राहिली.

शाळेतल्या पंगतीचे काय? आपल्या विदर्भातले सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या ५३१ खेड्यांत पाहणी करून २००५ साली ती प्रसिद्ध केली. दलित मुलांना वेगळे बसवणे, शेवटी वाढणे, शाळेची चूल सवर्ण आळीत ठेवणे, आणि सर्वांत जास्त म्हणजे दलित बाईने शिजवलेले खाऊ नका म्हणून पालकांनी ओरड करणे, हे प्रकार त्यात आढळले. म्हणूनच २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले होते. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथे दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला मुलांनी नकार दिला, म्हणजे घरच्यांनी तो देववला. जिथे वेगळ्या ओळीत बसून जेवावे लागते तिथे मूल दोन दिवस उपाशी राहील आणि तिसऱ्या दिवशी शाळेत येणारच नाही. दाखल्यावर कारण लिहिले जाईल 'सतत गैरहजर'.

आणि ती शिजवणारी बाई? केंद्र सरकारने डिसेंबर २००९ मध्ये तिचे मानधन महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ साली ते २,५०० केले. पगार न म्हणता मानधन म्हणायचे, कारण पगार म्हटले की किमान वेतनाचा कायदा लागू होतो! तिने चूल फुंकायची, दीडशे ताटे वाढायची, गंज घासायचे. आपल्या कित्येक विधवा आणि टाकलेल्या बहिणी हे काम करतात, त्यांच्या मानधनाचा महिना चुकला की त्यांचेच मूल कामाला लागते.

आता आपल्या वस्त्यांमधले बोलतो, आणि थोडे कडू बोलतो. इंदोरा, बेझनबाग, टेका, रामबाग, इमामवाडा, कुठेही जा, मजुरी करणारा बापही पोराला 'कॉन्व्हेंट'मध्ये घालतो. नागपुरात इंग्रजी माध्यमाची पाटी असली की शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती दोन खोल्यांत भरत असली तरी चालते. मुलाने इंग्रजी शिकावे ही इच्छा मला समजते. माझाही मुलगा तसाच शिकला. पण शालेय पोषण आहार सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना आहे, विनाअनुदानित कॉन्व्हेंटला नाही. पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर फी माफ होऊन मूल तिथे गेले तरी ताट मिळत नाही. मग माय सकाळी सहा वाजता धुणीभांडी करायला निघते आणि डब्याऐवजी पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. त्याचा पिवळा कुरकुरीत पुडा येतो. सलग पाच वर्षे दुपारी पुडा खाणाऱ्या मुलाची उंची आणि उजळणी कधीतरी ताडून पाहा.

माझ्या शेजारच्या एका वहिनीने मला हिशेब करायला बसवले. नवरा ऑटो चालवतो, दोन मुले कॉन्व्हेंटात, फीचे तीन हप्ते थकलेले. फी, गणवेश, व्हॅन आणि रोजच्या पुड्याचे पैसे, सगळे मी एका ओळीत लिहून खाली बेरीज मारली. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, लोक काय म्हणतील?" फी थकली की शाळा निकाल अडवते, मूल वर्षभर घरी बसते आणि मग कुठल्यातरी शाळेत दोन वर्षे मागे जाऊन बसते. जुनी गळती चौथीच्या आत होती, ही नवी गळती पाचवी-सहावीला फीच्या पावतीवरून होते. इकडे आपण मुले काढून घेतली म्हणून महापालिकेच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडल्या, आणि बंद शाळेत चूल कोण पेटवणार? वहिनींनी धाकट्याला अनुदानित शाळेत घातले, थोरल्याला तिथेच ठेवले. तो त्यांचा निर्णय आहे आणि मी त्यात काही बोललो नाही.

ज्यांची मुले खिचडीच्या शाळेत आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या समितीत आपली माय-माऊली नाव देते, सही करते आणि परत येते. तसे करू नका. वाढण्याआधी जेवण चाखून पाहायचा नियम आहे, ते चाखायला जा. शहरात बऱ्याच ठिकाणी केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात, ते उघडतात तेव्हा उभे राहा आणि वरणात डाळ दिसते का ते पाहा. धान्य नाही, इंधन नाही, बाई आली नाही म्हणून जेवण मिळाले नाही, तर २०१५ च्या नियमाप्रमाणे त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मुलाला मिळायला हवा. ही मागणी तोंडी करून भागत नाही. अर्ज लिहा आणि पोच घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर आपल्या विहारात रविवारी लिहून देणारे कोणी ना कोणी असतेच.

अंड्याचेही विचारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितले की अंड्यासाठी आणि साखरेसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, शाळेने लोकसहभागातून काय ते जमवावे. ज्या वस्तीत फीचे हप्ते थकतात तिथला लोकसहभाग म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कळत नसावे. करोनात २०२० साली शाळा बंद झाल्या आणि ताटाऐवजी पुन्हा कोरडा शिधा घरी गेला, तेव्हा तो पुन्हा सहा माणसांच्या गंजात गेलाच. त्यानंतर किती मुले दुपारी परत आली नाहीत हे प्रत्येक वस्तीने आपापल्या गल्लीत मोजून पाहावे.

आणखी एक गोष्ट राहिली. जेवण आठवीपर्यंत मिळते, नववीला नाही. चौदा वर्षांच्या पोराची भूक आठवीच्या निकालाबरोबर संपते असे सरकारने धरले आहे. दहावीपर्यंतच्या एका अनुदानित शाळेत मी कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा मोठी सुट्टी झालेली होती. पाचवी ते आठवीची मुले ओळीने बसली होती आणि नववीची दोन पोरे नळाजवळ उभी राहून पाणी पीत होती. बाईंनी सगळ्यांना वाढले, गंजाच्या तळाशी थोडे उरले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, झाकणात दोन पळ्या खिचडी काढली आणि नळाकडे नेऊन ठेवली. घंटा झाली तेव्हा ती पोरे झाकण धुऊन वर्गात गेली.